अंड्याला आरोपी करण्याआधी

तुमच्याही फोनवर तो रील येऊन गेला असेल. पांढऱ्या कोटातलं कुणीतरी, मागे धडधडणारं लालभडक हृदय, आणि मुद्दा साधारण असा की अंडी-मटण खाल्लं की पोटातले बॅक्टेरिया एक विष बनवतात आणि ते विष थेट रक्तवाहिन्या तुंबवतं. अर्ध्या तासात तो रील हॉस्टेलच्या ग्रुपवर, तिथून फॅमिली ग्रुपवर. शाकाहारी मंडळी म्हणणार, ‘आम्ही सांगत नव्हतो?’ जिमवाला मित्र ‘काहीही हां’ म्हणत उकडलेली सहा अंडी सोलत बसणार. आणि घरून फोन येणार, ‘मेसमध्ये अंडी खातेस का गं अजून?’

माझं म्हणणं सरळ आहे. त्या रीलमधलं विज्ञान खरं आहे, पण ते २०१३ मध्येच थांबलंय. त्यानंतर जे काही झालं ते कुणी सांगत नाही, कारण ते तीस सेकंदांत बसत नाही. इथे जागा आहे, तर बघूया.

त्या ‘विषा’चं नाव टीएमएओ. पूर्ण नाव ट्रायमिथाइलअमाइन एन-ऑक्साइड, पण पाठ करायची गरज नाही, परीक्षेला येणार नाही. मी सायन्सवाली नाही, मास कम्युनिकेशनवाली आहे, त्यामुळे साध्या भाषेतच सांगते. अंड्याच्या बलकात, कलेजीत, सोयाबीनमध्ये कोलीन नावाचा घटक असतो. मटणासारख्या लाल मांसात कार्निटिन असतं. (कार्निटिन हे नावच मांसासाठीच्या लॅटिन शब्दावरून आलंय.) हे पोटात गेलं की बराचसा भाग शरीर स्वतः वापरतं. उरलेला आतड्यात खालपर्यंत पोचतो आणि तिथे जीवाणूंची पंगत बसते. ते त्यातून ट्रायमिथाइलअमाइन नावाचा वायू तयार करतात. तो रक्तातून लिव्हरमध्ये जातो, तिथलं एक एन्झाइम त्याला ऑक्सिजन चिकटवतं आणि टीएमएओ तयार होतो. शेवटी किडनी त्याला लघवीवाटे बाहेर काढते. किडनीचं हे काम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मूळ गोष्ट. २०११ मध्ये अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये स्टॅनली हेझन यांच्या टीमचा एक पेपर ‘नेचर’मध्ये आला. ज्यांना हृदयविकाराचा त्रास होतो त्यांच्या रक्तात आधीपासून कोणते पदार्थ जास्त दिसतात, हे ते शोधत होते. त्यात टीएमएओ हाती लागला. मग उंदरांना जास्तीचं कोलीन खाऊ घातलं, तर त्यांच्या धमन्यांत थर साचायचं प्रमाण वाढलं. अँटिबायोटिक्स देऊन आतड्यातले जीवाणू मारले, तर तो परिणाम दिसेनासा झाला. म्हणजे नुसतं खाणं दोषी नव्हतं. खाणं आणि जीवाणू यांची युती होती. ही कल्पना खरंच भारी होती, कारण तोपर्यंत आपण हृदयाचा विषय निघाला की फक्त तेल-तूप-कोलेस्टेरॉल एवढंच बोलायचो.

२०१३ मध्ये आणखी दोन पेपर आले. त्यातला एक तर सिनेमात शोभेल असा. अनेक वर्षं मांसाला हात न लावलेला एक वीगन माणूस शास्त्रज्ञांसाठी अख्खा स्टेक खायला तयार झाला! रोज मांस खाणाऱ्यांच्या रक्तात स्टेकनंतर टीएमएओ वाढला. या पठ्ठ्याच्या रक्तात जवळजवळ काहीच हललं नाही. एका माणसावरून काय ठरणार, बरोबर आहे. पण मग आणखी वीगन आणि शाकाहारी लोकांना कार्निटिन देऊन बघितलं, तरी चित्र तसंच. रोज मांस खाणाऱ्याच्या आतड्यात ते पचवणारे जीवाणू तयार बसलेले असतात. न खाणाऱ्याकडे त्यांची वस्तीच विरळ असते.

दुसरा पेपर मोठा होता. हृदयाची तपासणी म्हणून अँजिओग्राफीला आलेले ४००७ लोक, आणि तीन वर्षं त्यांच्यावर लक्ष. ज्यांचा टीएमएओ सगळ्यात जास्त त्या चौथ्या हिश्श्यात हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा मृत्यूचा धोका सगळ्यात कमीवाल्यांच्या सुमारे अडीच पट निघाला. त्याच अभ्यासात काही निरोगी लोकांना दोन उकडलेली अंडी दिली होती, तेव्हा त्यांचा टीएमएओ काही तासांसाठी वर गेला. आठवडाभर अँटिबायोटिक्स दिल्यावर तो बनेनासा झाला, आणि औषधं थांबवून महिना गेल्यावर परत आला. (हे वाचून कुणी मेडिकलमधून गोळ्या आणायला जाऊ नका, प्लीज. तो प्रयोग होता, उपाय नाही.)

आपला रील इथे संपतो. मथळा तयार आहे: ‘दोन अंडी, अडीच पट धोका.’ पण जरा परत वाचा. अडीच पट धोका ज्यांच्यात दिसला ते आधीच हृदयाच्या तक्रारीने तपासणीला आलेले लोक होते. अंडी ज्यांना दिली ते वेगळे. अंडी खाल्ल्यामुळे कुणाला अटॅक आला असं त्या पेपरमध्ये कुठेही नाही. दोन वेगळ्या ओळी उचलून रीलने एकमेकींना जोडल्या. आम्हाला वर्गात शिकवतात की दोन खरी वाक्यं शेजारी ठेवूनही खोटी बातमी बनवता येते. हे त्याचं अगदी पुस्तकी उदाहरण आहे.

आणि मग येतो मासा.

तुम्ही कोकणातले असाल, वसई-पालघरकडचे असाल, गोव्यातले असाल, तर इथे कान टवकारा. टीएमएओ बनवायला जीवाणू लागतात हे मघाशी सांगितलं. पण समुद्रातल्या माशाच्या अंगात तो आयता असतो. खाऱ्या पाण्यात आणि खोल समुद्राच्या दाबाखाली शरीरातली प्रथिनं शाबूत ठेवायला मासे तो वापरतात. जितका खोलातला मासा, तितकं प्रमाण जास्त. मुशीसारख्या शार्क जातीच्या माशांत तर भरपूर. मासा मेला की जीवाणू त्या टीएमएओचं पुन्हा ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि तोच मासळी बाजारातला तो वास. भाऊच्या धक्क्यावर पहाटे पाय ठेवल्यावर नाकात जो शिरतो, तो हाच. आपल्याकडे माशाला आगळ, चिंच किंवा लिंबू लावून ठेवतात ना, त्यातही रसायनशास्त्र आहे. आंबटपणामुळे या वायूचा क्षार होतो, तो हवेत उडत नाही आणि वास मरतो. आज्यांना रेणूचं नाव माहीत नव्हतं, पण बंदोबस्त माहीत होता.

मुद्दा असा की समुद्री मासे खाल्ल्यावर रक्तातला टीएमएओ जेवढा उसळतो, त्याच्या आसपासही अंडी किंवा मांस पोचत नाही. हे माणसांवर मोजून झालंय. मग टीएमएओ म्हणजे विष, हे खरं असेल तर बांगडा-सुरमई खाणाऱ्यांचं हृदय सगळ्यात आधी बंद पडायला हवं. होतं उलटंच. मोठमोठ्या पाहणी अभ्यासांत मासे खाणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका कमी दिसतो. अमेरिकेची हृदयरोग संघटना आठवड्यातून दोनदा मासे खा असं सांगते. यावर उत्तर देणारे म्हणतात की माशातल्या ओमेगा-३ मुळे नुकसान भरून निघत असेल, किंवा माशाने वाढलेला टीएमएओ काही तासांत बाहेर पडतो म्हणून तो तितका त्रासदायक नसेल. असेलही. पण मग ‘टीएमएओ वाढला म्हणजे धोका वाढला’ हे सरळसोट वाक्य उरत नाही, हे तर मान्य करावंच लागेल.

आता ती किडनी. टीएमएओ बाहेर काढायचं काम तिचं. ती थकली की टीएमएओ रक्तात साचतो. आणि किडनी कशाने थकते? डायबिटीसने, ब्लडप्रेशरने. हेच दोघं हृदयाचीही वाट लावतात. म्हणजे कदाचित टीएमएओ हा चोर नसून, चोरी होत असताना वाजणारा अलार्म असेल. २०१९ मध्ये काही संशोधकांनी जनुकांचा आधार घेऊन हा बाण नक्की कुठल्या दिशेने जातो ते तपासलं. जन्मतः कुणाला कुठलं जनुक मिळतं हा नशिबाचा भाग असतो, त्याचा खाण्यापिण्याच्या सवयींशी संबंध नसतो, म्हणून असा अभ्यास कामाचा. त्यात टीएमएओमुळे हृदयविकार होतो याला आधार मिळाला नाही. उलट डायबिटीस आणि किडनीच्या आजाराने टीएमएओ वाढतो, असा इशारा मिळाला.

म्हणून क्लीव्हलँडवाले चुकले का? मला तसं वाटत नाही. २०१६ मध्ये त्यांनीच दाखवलं की टीएमएओमुळे रक्तातल्या प्लेटलेट्स जास्त चिकट होतात, गुठळी लवकर बनते. तो धागा महत्त्वाचा आहे आणि त्यावर काम चालू आहे. या तपासण्यांसंबंधीची पेटंट्स या संशोधकांच्या नावावर आहेत, हेही त्यांनी स्वतःच पेपरमध्ये लिहून ठेवलंय. त्याने संशोधन खोटं ठरत नाही, पण वाचणाऱ्याने ती ओळ वाचावी. आपल्या रीलवाल्या डॉक्टरांनी त्यांच्या ‘गट हेल्थ’ पावडरची लिंक देताना एवढा प्रामाणिकपणा दाखवला तरी पुष्कळ.

मला सगळ्यात जास्त आवडलेला अभ्यास २०२१ चा आहे, आणि गंमत म्हणजे तोही क्लीव्हलँड क्लिनिकचाच. ज्यांच्या किडन्या ठणठणीत आहेत अशा लोकांचे गट केले. एका गटाला रोज चार अंडी, चार आठवडे. दुसऱ्या गटाला कोलीनच्या गोळ्या. गोळ्या घेणाऱ्यांचा उपाशीपोटी मोजलेला टीएमएओ स्पष्ट वाढला. अंडी खाणाऱ्यांचा फारसा हलला नाही. घटक तोच, कोलीन. पण अंड्यातलं कोलीन मुख्यतः वेगळ्या रूपात, स्निग्ध पदार्थाशी जोडलेलं असतं, ते बऱ्यापैकी आधीच शोषलं जातं. गोळीतलं सुटं कोलीन मात्र जीवाणूंच्या ताटात जाऊन पडतं.

यातून मला जो अर्थ लागतो तो रीलच्या बरोबर उलटा आहे. संशयाने बघायचंच असेल तर मेसच्या ताटाकडे नको, जिमच्या बॅगेकडे बघा. ‘फॅट बर्नर’ म्हणून विकला जाणारा एल-कार्निटिनचा डबा कुठल्याही जिमच्या काउंटरवर दिसतो. काही एनर्जी ड्रिंक्समध्येही ते असतं. कार्निटिन चरबीला पेशींच्या भट्टीपर्यंत नेतं हे खरं, पण धडधाकट माणसाचं शरीर ते स्वतः बनवतं. बाहेरून सुटं घेतलेलं कार्निटिन नीट शोषलं जात नाही, बरंचसं खाली जीवाणूंकडे जातं, आणि टीएमएओ वाढवतं. म्हणजे जो मित्र बलक काढून टाकून फक्त पांढरं खातो, कारण ‘बलक हार्टला वाईट’, तोच वरून दीड-दोन हजारांचा डबा घेऊन त्याच रेणूची सोय करतो. बलकातलं कोलीन तर शरीराला लागणारा घटक आहे. मेंदूला, लिव्हरला, गरोदरपणात बाळाच्या वाढीला. तो कचऱ्यात आणि डबा पोटात. याला काय म्हणायचं तुम्हीच ठरवा.

हे सगळं मी एवढ्या तावातावाने का सांगतेय? कारण अंडं हा आपल्याकडे नुसता खाण्याचा पदार्थ राहिलेला नाही. २०२३ च्या अखेरीस राज्य सरकारने शाळांच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्यांना केळं. त्याला काही धार्मिक गटांनी विरोध केला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा निधी थांबवला. द्यायचंच असेल तर शाळांनी लोकवर्गणीतून द्यावं, असं सांगितलं. निर्णयामागे पैसा होता, श्रद्धा होती की आणखी काही, त्यावर वाद होऊ शकतो आणि व्हावा. पण त्या वादात जेव्हा कुणी ‘विज्ञानसुद्धा सांगतं अंडं हृदयाला घातक’ असं ठोकून देतं, तेव्हा गप्प बसायला नको. ओहायोतल्या साठीच्या आसपासच्या हृदयरुग्णांचा आकडा उचलून नंदुरबारच्या आठ वर्षांच्या मुलाच्या ताटातलं अंडं काढायला वापरणं, हा विज्ञानाचा दुरुपयोग आहे. त्या मुलाच्या आठवड्यातलं ते कदाचित सगळ्यात भरीव सहा ग्रॅम प्रोटीन असतं.

हॉस्टेलवर राहणाऱ्यांनाही हे वेगळं सांगायला नको. महिनाअखेरीला खिशात शंभरची नोट उरली की बुर्जी-पावाइतकं पोट आणि प्रोटीन दोन्ही सांभाळणारं दुसरं काय मिळतं? पनीर? ते मेसच्या भाजीत शोधावं लागतं.

उलट बाजूनेही थोडं बोलते, नाहीतर मी अंडी संघटनेची प्रवक्ती वाटेन. शाकाहारी मित्रांनो, तुमच्या आतड्यात कार्निटिन खाणारे जीवाणू कमी आहेत, अभिनंदन. पण त्याने वडापाव, फरसाण आणि मैद्याची बिस्किटं माफ होत नाहीत. आणि मांसाहारी मंडळी, ‘रेड मीट म्हणजे बीफ, आपण कुठे खातो’ असं समजून सुटका करून घेऊ नका. मटण हेही रेड मीटच. २०१९ मध्ये आलेल्या एका अभ्यासात ११३ लोकांना महिनाभर आळीपाळीने लाल मांस, चिकनसारखं पांढरं मांस आणि वनस्पतीजन्य प्रोटीन दिलं. लाल मांसाच्या महिन्यात टीएमएओ जवळजवळ तिप्पट झाला. ते थांबवल्यावर साधारण महिन्यात खाली आला. आपल्याकडे मटण परवडतंच आठवड्यातून एकदा, रविवारी, तेही चार जणांत पाव-अर्धा किलो. त्या तांबड्या रश्शावर मी कुणाला बंदी घालणार नाही. रोज रात्री कबाब-बिर्याणी मागवणाऱ्याने मात्र विचार करावा, आणि तो फक्त टीएमएओसाठी नाही. मीठ आणि चरबी यांची केस जुनी आहे आणि तिथे पुरावा भक्कम आहे.

कारण खरी भीती तिथेच आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट नावाच्या अभ्यासात दिसलं, की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो. बाकीच्या देशांत ५९ च्या आसपास. सहा वर्षं आधी! आपल्यातल्या अनेकांचे आईबाबा आत्ता त्याच वयात आहेत. आणि त्या अभ्यासाने जगभरच्या बहुतांश पहिल्या अटॅक्सचं स्पष्टीकरण नऊ गोष्टींत दिलं. तंबाखू, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, ब्लडप्रेशर, डायबिटीस, सुटलेलं पोट, मनावरचा ताण, फळं-भाज्या कमी, व्यायाम नाही, आणि दारूचं प्रमाण. बोअर यादी आहे, मान्य. यावर रील बनवला तर कोण बघणार? ‘पोटातल्या बॅक्टेरियाचं गुप्त विष’ ऐकायला किती थ्रिलिंग वाटतं, आणि ‘चालायला जा, मशेरी सोडा’ हे किती आजोबा-छाप. टपरीवर कटिंगसोबत सिगरेट पेटवून अंड्याच्या बलकावर चर्चा करणारे महाभाग तुमच्याही कॉलेजबाहेर असतीलच.

तेव्हा पुढच्या वेळी तो रील आला की तीन गोष्टी बघा. प्रयोग उंदरांवर होता की माणसांवर. माणसांवर असेल तर ते निरोगी होते की आधीच पेशंट. आणि सांगणारा शेवटी काही विकतोय का. पोटातल्या जीवाणूंची तपासणी करून देणारी किट्स आता भारतातही ऑनलाइन मिळतात, हजारो रुपयांना. घ्यायचीच असतील तर जरूर घ्या, पैसे तुमचे आहेत. पण त्याआधी दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा बाबांचं बीपी शेवटचं कधी मोजलं होतं ते विचारा, आणि आईची शुगर कधी तपासली तेही. आईची विशेषतः, कारण ती स्वतःहून सांगणार नाही. नाक्यावरच्या लॅबमध्ये शंभर-दोनशे रुपयांत होतं, आणि रिपोर्ट संध्याकाळपर्यंत मोबाइलवर येतो.